गेब्स अंबाचे गुरुवार

गेब्स अंबाच्या वीजघरातलं टर्बाइन त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी पुन्हा थांबलं. कालव्यातून पाणी भरपूर येत होतं, यंत्रात बिघाड नव्हता, तारा जागच्या जागी होत्या. फक्त वरच्या गावाने एकशेवीस किलोवॉटच्या यंत्राकडे एकशेसाठ मागितले होते, आणि कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच यंत्राने केलं. त्याने अंग काढून घेतलं.

प्रकल्पाचा इंजिनियर बेलाचेव याने भिंतीवरच्या पाटीवरचा सहाचा आकडा पुसून शून्य लिहिलं. महिन्याभरात तिसऱ्यांदा.

पाटी नैरोबीच्या गुंतवणूक निधीसाठी होती. निधीची अट सोपी होती. सलग अठ्ठावीस दिवस वीज एकदाही न जाता चालवून दाखवा, मग दरीपलीकडच्या तीन गावांचे खांब, तारा आणि दुसरं टर्बाइन यांचे पैसे सोडतो. नाही जमलं तर पैसे दुसऱ्या देशात जातील. तिथले लोक रांगेत उभेच आहेत. मुदत संपायला पाच आठवडे आणि दोन दिवस उरले होते. दरीपलीकडे खांबांसाठी खड्डे खणून झाले होते. खणले गावकऱ्यांनी, आणि तेही बेलाचेवच्या शब्दावर.

गेले दोन आठवडे तो यंत्राला दोष देत होता. वेग सांभाळणारा भाग त्याने दोनदा खोलला, तेल बदललं, पाण्याची पातळी दर तासाला मोजली. यंत्र बिचारं काही बोलत नव्हतं.

"साहेब, एक विचारू?" वीजघर सांभाळणारा अयेले हात पुसत म्हणाला. तो पूर्वी ट्रक दुरुस्त करायचा आणि यंत्रावर फारसा संशय घ्यायचा नाही. "हे दर गुरुवारीच का होतं?"

बेलाचेवने वही उघडली. तीन तारखा, तिन्ही गुरुवार. वहीत वार लिहायचा रकाना होता, त्यात त्याने स्वतःच्या हाताने तीनदा 'गुरुवार' लिहिलं होतं.

"गावात गुरुवारी काय असतं, अयेले?"

"मला काय माहीत? बायको सोडून गेली तेव्हापासून मी हॉटेलात जेवतो."

दोघे चढ चढून गावात आले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि प्रत्येक दारातून आंबलेल्या पिठाचा गरम, आंबूस वास येत होता. बेलाचेवला हा वास लहानपणापासून ठाऊक होता. आवडतही होता. त्याचा किलोवॉटशी संबंध असेल हे मात्र त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पहिल्याच घरात सगळ्या गावाची आजी एमामा येशीमबेत आणि तिची शेजारीण अल्माझ थंड होत चाललेल्या मितादपाशी बसल्या होत्या. मिताद म्हणजे विजेचा तवा, दोन हातांत मावणार नाही एवढा. एक मिताद साडेतीन किलोवॉट ओढतो. वर अर्धी भाजलेली इंजेरा, म्हणजे तेफ या बारीक धान्याची आंबवलेली पोळी, कडेने वाळत होती.

"आला गं बाई लाइटवाला," एमामा म्हणाली. "ये लेका. बघ, तुझ्या कृपेने ही अर्धी कच्ची राहिली."

"एमामा, आज सगळ्यांच्याच घरी मिताद लागलेत का?"

"मग? गुरुवार ना आज."

"पण गुरुवारीच का?"

नदी खालच्या अंगालाच का वाहते असं कुणी विचारावं, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. "शनिवारी बाजार. तेफ आपण शनिवारी आणतो. रविवार देवाचा, गिरणी बंद. सोमवारी दळायचं, सोमवारी संध्याकाळी भिजवायचं. आंबायला तीन रात्री. बोटं मोज."

त्याने खरोखरच बोटं मोजली.

"तुझं वय किती रे?"

"एकोणचाळीस."

"एकोणचाळीस वर्षं काय खातोस?"

"इंजेरा."

"आणि ती येते कुठून?"

"घरून," बेलाचेव म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की आता आपलं काही खरं नाही.

"घरून! ऐक गं अल्माझ, इंजेरा घरून येते! आणि पाऊस ढगातून येतो, हे शिकवलं का नाही तुला त्या विद्यापीठात?"

अल्माझने पदराने तोंड झाकलं. अयेलेने तेवढीही तसदी घेतली नाही, तो उघडउघड हसला. हॉटेलातली इंजेरा कुठून येते ते त्यालाही माहीत नव्हतं, पण ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

वीजघरात परतल्यावर बेलाचेवने आपला अहवाल काढला. पान एकेचाळीस. 'सर्व मिताद एकाच वेळी चालू असण्याची शक्यता नगण्य आहे. एका वेळी चतुर्थांश मिताद गृहीत धरणे पुरेसे आहे.' खाली त्याची सही होती, वळणदार. हा चतुर्थांश त्याने हवेतून काढला नव्हता. शेजारच्या वीज असलेल्या गावात त्याने चार दिवस मीटर लावून मोजमाप घेतलं होतं, रविवार ते बुधवार. गुरुवारी त्याला अदिस अबाबाला बैठक होती. सोमवारी दळणाचा एक छोटा उंचवटा दिसला होता, आणि हाच आठवड्याचा कळस आहे असं त्याने मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं. बैठक कशाबद्दल होती ते आता आठवत नव्हतं. बहुधा मोजमापातल्या काटेकोरपणाबद्दल.

संध्याकाळी त्याने बायकोला फोन केला. "हिरुत, आपल्याकडे इंजेरा कोणत्या दिवशी करतात?"

"कोण करतं?" हिरुत म्हणाली. "नाक्यावरच्या बाईकडून घेते मी. चार वर्षं झाली. तुला आज कळतंय?"

त्याने विषय बदलला.

एकदा कारण कळल्यावर उपाय सोपा होता, असं त्याला वाटलं. इंजिनियर म्हणून ही त्याची जुनी खोड होती. त्याने वेळापत्रक केलं. मीटरचा क्रमांक सम असेल त्या घरांनी गुरुवारी भाजायचं, विषम असेल त्यांनी शुक्रवारी. छापून घेऊन घरोघर वाटलं. बायकांनी कागद आदराने घेतले. पुढच्या गुरुवारी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी टर्बाइन थांबलं आणि दहा वाजून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू झालं. पाटीवर शून्य. मुदतीचे चार आठवडे आणि दोन दिवस उरले. आता एकही गुरुवार वाया घालवण्याची सोय नव्हती.

"तुझा कागद वाचला आम्ही," एमामा म्हणाली. या वेळी तिच्या अंगणात बारा-पंधरा बायका कॉफीला बसल्या होत्या. "माझा मीटर सम, अल्माझचा विषम. आता मला सांग, मी ओतते आणि ती उचलते, गेली वीस वर्षं. मग गुरुवारी माझ्या उचलायच्या कुणी? तू येतोस?"

"मी..."

"आणि विरजण माझ्याकडून तिच्याकडे जातं, तिच्याकडून पलीकडे. तुझ्या कागदाने आमच्या आळीतली पाच घरं एकमेकांपासून तोडली. भांडण झालेल्या बायकासुद्धा इतकं तोडत नाहीत."

"माझं चुकलं, एमामा. पण काहीतरी करायला हवं. अठ्ठावीस दिवस झाले नाहीत तर पलीकडच्या गावांची वीज गेली."

जमलेल्या बायकांतल्या निम्म्यांची माहेरं दरीपलीकडची होती.

एमामाने दुसऱ्या फेरीची कॉफी ओतली. "मरियमच्या मंडळातल्या किती जणी आहेत इथे?" सात-आठ हात वर झाले. "मिकाएलच्या? गाब्रिएलच्या?" गावातली प्रत्येक बाई या तिघांपैकी एका संताच्या मंडळात होती. महिन्यातून एकदा एकमेकींकडे जेवायच्या, एकमेकींच्या मयताला स्वयंपाक करायच्या. शेजारणी सहसा एकाच मंडळात असायच्या. "मरियमवाल्या गुरुवारी सकाळी. मिकाएलवाल्या गुरुवारी जेवणानंतर. गाब्रिएलवाल्या शुक्रवारी सकाळी."

"आमचं पीठ शुक्रवारपर्यंत फार आंबेल," गाब्रिएलची एक तरुण बाई म्हणाली.

"मंगळवारी भिजव की. सोमवारीच भिजवायचं असं बायबलात लिहिलंय का?"

एवढ्यावर सगळं ठरलं. बेलाचेवने या कामाला तीन आठवडे, एक वेळापत्रक आणि दीडशे कागद खर्च केले होते. त्याने विचारलं, "मी काय करू?"

"तू पाणी बघ," एमामा म्हणाली.

तो पाणी बघत राहिला. पहिला गुरुवार आला. लोड नव्वदपर्यंत चढला आणि तिथेच राहिला, दुपारी पुन्हा नव्वद, शुक्रवारी पुन्हा. लोड नोंदवणाऱ्या यंत्राच्या कागदावर रेघ इतकी सपाट आली की अयेलेने यंत्राला टकटक करून पाहिलं. दुसरा गुरुवार गेला, तिसराही गेला. पाटीवर एकवीस झाले, बावीस झाले. बेलाचेवची पाठ हळूहळू ताठ होऊ लागली. चोविसाव्या दिवशी त्याने एका परिषदेसाठी निबंध लिहायला घेतला, 'ग्रामीण वीजमागणीचे सामाजिक नियोजन: एक नवी पद्धत'. लेखक म्हणून एकच नाव होतं. एमामाचे आभार शेवटी मानायचे ठरवलं होतं, जागा उरली तर.

निधीची तपासनीस, इंजिनियर नेकेसा, अठ्ठाविसाव्या दिवशी म्हणजे गुरुवारी सकाळी येणार होती. दहा वाजून पाच मिनिटांनी अठ्ठावीस दिवस पुरे होत होते. तिच्यासमोर आकडा बदलावा, मग जेवण व्हावं, अशी बेलाचेवची कल्पना होती. पाहुणीला आणि गावातल्या साठ माणसांना जेवू घालायचं तर इंजेरा लागणार. गुरुवारी सकाळी मरियमच्या बायका आधीच कामात असतील, त्यांच्यावर आणखी भार नको, एवढं तो आता शिकला होता. म्हणून त्याने मिकाएल आणि गाब्रिएल मंडळांना निरोप पाठवला: दुपारच्या जेवणासाठी ताजी इंजेरा द्यावी. आपल्या या समजूतदारपणाचं त्याला त्या रात्री झोपेपर्यंत कौतुक वाटत होतं.

सकाळी पावणेनऊला तो गावाच्या चौकात खुर्च्या मोजत असताना अयेलेचा फोन आला.

"साहेब, शहाण्णव."

"मरियमवाल्यांचं चालू असेल."

"त्यांचं नव्वदला थांबतं. आता एकशेतीन."

बेलाचेव हातात खुर्ची घेऊन उभा राहिला. दुपारच्या जेवणासाठी ताजी इंजेरा. ती भाजणार कधी? सकाळी. वीस आणि वीस आणि वीस मिताद, दोनशे दहा किलोवॉट, आणि निरोपाखाली त्याचीच सही. पहिल्यांदा चूक केली तेव्हा निदान बैठकीचं निमित्त होतं. या वेळी पायावरची कुऱ्हाड त्याने स्वतः धार लावून आणली होती.

तो धावला. एकोणचाळिसाव्या वर्षी, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरवर, नवीन बुटांत.

"एमामा! बंद करा! सगळ्यांना सांगा, बंद करा!"

"कशाला ओरडतोस? मी मरियमची, माझी पाळी आहे."

"मिकाएल आणि गाब्रिएल. मी त्यांना... जेवणासाठी... मीच सांगितलं."

एमामाच्या हातातली ओतायची किटली अधांतरी थांबली. तिला हसू आलं असावं, पण तिने ते मागे ठेवलं. "किती वाजले?"

"नऊ. एक तास काढायला हवा."

फोनवर अयेले म्हणाला, "एकशेअकरा."

"जेवण रद्द करतो," बेलाचेव म्हणाला. "पाव आणू. केळी देऊ."

"नैरोबीहून बाई आपल्या दारात येणार आणि आपण तिला पाव देणार?" एमामा उठली. "माझं तोंड दाखवायची सोय ठेव जरा. अल्माझ, वरच्या आळीला पळ. मिकाएलवाल्यांना सांग, तवा बंद, चुली पेटवा. मातीचे जुने मिताद माळ्यावर असतील. मी गाब्रिएलकडे जाते. आपलेपण निम्मे बंद करा."

"एकशेसतरा, साहेब. आवाज बदललाय."

त्यानंतरची वीस मिनिटं बेलाचेवने फोन कानाला लावून काढली. एकशेसतरा. एकशेसतरा. एकशेअठरा. एकशेबारा. एकशेपाच. नव्वद. सत्तर. अयेले आकडे सांगत होता आणि मधूनमधून मरियमचं नाव घेत होता. मंडळाचं की देवमातेचं ते बेलाचेवने विचारलं नाही.

मग त्याने मान वर केली. गेब्स अंबाच्या प्रत्येक छपरातून धूर निघत होता. वीज आल्यापासून इतका धूर कुणी पाहिला नव्हता. वारा नव्हता, त्यामुळे तो सरळ वर जाऊन गावावर छत्रीसारखा पसरला होता, आणि त्या छत्रीखाली, घाटाच्या शेवटच्या वळणावर, एक पांढरी गाडी वर येत होती.

इंजिनियर नेकेसा पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी बाई होती. गाडीतून उतरून तिने आधी वर पाहिलं, मग खोकली.

"वीज चालू आहे?"

"चालू आहे. सत्तर किलोवॉट."

"मग हे काय आहे?"

बेलाचेवकडे उत्तर तयार होतं. पारंपरिक स्वागत, असं म्हणता आलं असतं. सण आहे, असंही चाललं असतं. त्यांच्या पंचांगात सण इतके की नैरोबीच्या बाईला पडताळता आला नसता. दहा वाजून पाच व्हायला अजून चोवीस मिनिटं होती, पाटीवर सत्तावीस होते, आणि दरीपलीकडे खड्डे खणून ठेवले होते. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या दारातून एक म्हातारी डोळे चोळत, खोकत बाहेर आली, आणि पाहुणीला बघून लवून हसली.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. रविवार ते बुधवार, पान एकेचाळीस, सम-विषम कागद, तीन मंडळं, जेवणाचा निरोप. सांगताना ते ऐकायला आणखी वाईट वाटत होतं. मागे एमामा उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण इंजेरा हा शब्द आणि त्याचा चेहरा तिला पुरेसे होते.

"म्हणजे इथली खरी मागणी तुमच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त आहे?"

"हो. दरीपलीकडेही असेल. तिथलाही अंदाज माझाच आहे."

"दुसरं टर्बाइन मग अपुरं पडेल."

"पहिल्याच गुरुवारी."

नेकेसाने वहीत काहीतरी लिहिलं. "मी अकरा ठिकाणं पाहिली. सगळीकडे अहवालात फ्रीज, शिलाई यंत्रं, वेल्डिंग. प्रत्यक्षात घरटी एक बल्ब. लोकांनी वीज जास्त वापरली म्हणून रडणारा इंजिनियर आज पहिल्यांदा भेटला." ती हसली नाही. "भाजायच्या पाळ्या कोणी लावल्या म्हणालात?"

त्याने एमामाकडे बोट केलं. परिषदेचा निबंध त्याला आठवला, आणि त्याने तो मनातल्या मनात फाडला. खरं तर दुसऱ्या दिवशी त्याने फक्त लेखकाचं नाव बदललं, पण ते पुढचं झालं.

दहा वाजून पाच मिनिटांनी बेलाचेव आणि नेकेसा वीजघरात उभे होते. अयेलेने हात धुऊन पाटीवर अठ्ठावीस लिहिलं. नेकेसाने यंत्राची नोंद पाहिली, घड्याळ पाहिलं, सही केली. "परीक्षा पास," ती म्हणाली. "अंदाज नापास. पैसे सुटतील, पण ठरलेल्या दुसऱ्या टर्बाइनसाठी नाही. पूर्ण आठवडा मोजा, प्रत्येक गावात, मग मोठ्या यंत्राचा प्रस्ताव पाठवा. त्यावर सही दुसऱ्या कुणाची तरी. यात एक पावसाळा जाईल."

"म्हणजे एक वर्ष उशीर."

"एक वर्ष. ते गावांना तुम्ही सांगायचं."

जेवणात इंजेरा भरपूर होती, आणि तिला धुराचा वास होता. नेकेसाने तीन खाल्ल्या.

पुढच्या सोमवारी बेलाचेव दरी उतरून पलीकडच्या शोला गावात गेला. गावातली माणसं झाडाखाली जमली. त्याने आडवळण न घेता सांगितलं. वीज येणार, पण एक वर्ष उशिरा, आणि उशीर माझ्या चुकीमुळे.

मग एका म्हाताऱ्याने काठी जमिनीवर टेकली. "तू चुकलास म्हणून मोठं यंत्र येणार?"

"हो, आजोबा."

"बरोबर असतास तर लहान आलं असतं?"

बेलाचेवने यावर विचार केला. तसं नाही हे समजावून सांगता आलं असतं, पण त्याला आकृती काढावी लागली असती. "तसंच म्हणा," तो म्हणाला.

"मग पुढच्या गावातही चुकून ये," म्हातारा म्हणाला, आणि माणसं हसली.

मागे उभी असलेली एक बाई हसली नाही. तिच्या पाठीवर लाकडाची मोळी होती. सभा आहे म्हणून ती वाटेतच थांबली होती, मोळी न उतरवता. "तुमचं एक वर्ष म्हणजे माझ्या पाठीवर किती मोळ्या, ते लिहिलंय का त्या कागदात?"

"नाही," बेलाचेव म्हणाला.

"मग लिही."

त्याने वही उघडली. "आठवड्याला किती?"

"सहा."

"सहा गुणिले बावन्न. तीनशे बारा."

"आणि सणाच्या आठवड्यांत आठ लागतात, त्याचं काय?"

त्याने तीनशे बारा खोडलं. तिने मोळी उतरवली, तिच्यावर बसली, आणि वर्षाचे सण पहिल्यापासून सांगायला लागली.